परदेशी उच्चशिक्षणाचे पहिले आठवडे : मराठी चरित्रलेखनातील एक रिकामी जागा

प्रस्तावना

मराठी चरित्रवाङ्मयात परदेशी जाऊन पदवी घेऊन आलेल्या व्यक्तींची संख्या लक्षणीय आहे. या चरित्रांमधील शिक्षणपर्वाची मांडणी मात्र बहुधा एकाच साच्यातली असते. शिष्यवृत्ती मिळते, बोट सुटते, आणि पुढच्या दोन-तीन पानांत पदवीदान समारंभ येतो. बोट लागल्यापासून वर्गात जीव रमेपर्यंतचा काळ, म्हणजे पहिले सहा-आठ आठवडे, या दोन घटनांच्या मध्ये हरवून जातो. राहायचे कोठे, जेवायचे काय, विषय कोणते घ्यायचे, प्राध्यापकाला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे प्रश्न चरित्रनायकाला पडलेच नसावेत अशी वाचकाची समजूत होते. प्रस्तुत लेखात या रिकाम्या जागेचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९१३ मधील कोलंबिया विद्यापीठातील आगमनाच्या संदर्भात केला आहे. तुलनेसाठी त्याआधी ३० वर्षे अमेरिकेत पोचलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांचा आधार घेतला आहे.

येथे चरित्रकारांच्या परिश्रमांना उणेपणा आणण्याचा हेतू नाही. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच चरित्राची साधने जमविली आणि १९५२ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध केला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये आणि मराठी चरित्र १९६६ मध्ये आले. या दोघांनी जे जतन केले ते नसते, तर आज या विषयावर लिहिण्याजोगे फारसे काही उरले नसते. प्रश्न आहे तो त्यांनी जमविलेल्या तपशिलांकडे चरित्रकार म्हणून कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा.

तीन खोल्या

१९१३ च्या फेब्रुवारीत आंबेडकरांचे वडील वारले. जूनमध्ये बडोदे संस्थानाशी करार झाला. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची आणि त्या बदल्यात दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची, असे त्याचे स्वरूप होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस. मुंबईत पत्नी रमाबाई आणि वर्षही न भरलेला मुलगा यशवंत.

यानंतरचा जो तपशील चरित्रांत येतो तो थोडका, पण बोलका आहे. आंबेडकर प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही, त्यात गोमांसाचे पदार्थ अधिक असत. थोड्याच दिवसांत ते ५५४ वेस्ट ११४ वा रस्ता या पत्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्याच दुसऱ्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

चरित्रांत हा मजकूर पत्ताबदलाच्या नोंदीसारखा येतो. वास्तविक नव्या विद्यार्थ्याच्या रुळण्याची सगळी कहाणी या तीन खोल्यांत आहे. पहिली खोली विद्यापीठाने दिलेली, अनोळखी माणसांतली. दुसरी आपल्या देशातील माणसांच्या जवळची. तिसरी पुन्हा विद्यापीठाची, पण स्वतः निवडलेल्या सोबत्याबरोबरची. नव्या गावी गेलेला जवळपास प्रत्येक विद्यार्थी याच क्रमाने जातो. आधी जे मिळेल ते घ्यायचे, मग बिचकून ओळखीच्या चवीकडे आणि भाषेकडे परतायचे, आणि पायाखालची जमीन थोडी घट्ट झाली की स्वतःची निवड करायची.

परंतु आंबेडकरांच्या बाबतीत दुसऱ्या खोलीकडे जाणे ही इतरांइतकी साधी गोष्ट नव्हती. ‘आपल्या माणसांत’ जाणे म्हणजे कोणाच्या माणसांत? ज्या समाजाने शाळेत त्यांना वेगळे बसविले, पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्याच समाजातून आलेले विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये ‘भारतीय’ या एका शब्दाखाली एकत्र आलेले होते. त्या ठिकाणी जातीची विचारपूस झाली काय, एका टेबलावर जेवताना पहिल्या दिवशी मनात काय आले, हे प्रश्न कीर विचारीत नाहीत. कोलंबियात समानतेचे जीवन प्रथमच लाभले आणि ते त्यांना एखाद्या साक्षात्कारासारखे वाटले, असे सांगून ते पुढे जातात. विधान खरेच आहे. परंतु साक्षात्कार हा शब्द आला की आठवडे आणि महिने यांचा हिशेब संपतो, आणि वाचकाला असे वाटू लागते की बोटीवरून उतरताक्षणीच बावीस वर्षांचे ओझे खांद्यावरून गळून पडले असावे.

विसरण्याचा आरंभ

या संदर्भात बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजी आत्मकथनपर टिपण महत्त्वाचे ठरते. त्यातील बडोद्याच्या प्रकरणात त्यांनी म्हटले आहे की युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसून टाकली होती. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेल्यावर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, तेव्हा ती जाणीव परत आली.

या टिपणाचे वाचन बहुधा बडोद्यातील अपमानाच्या बाजूने होते, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र मला ते उलट्या बाजूने वाचावेसे वाटते. पुसले जाणे ही एका दिवसात होणारी क्रिया नव्हे. ज्या माणसाने लहानपणापासून दारात पाऊल टाकण्यापूर्वी थांबायला शिकलेले असते, त्याचे पाऊल परदेशातही आधी थांबतच असणार. ते थांबणे कधी बंद झाले? ग्रंथालयात पुस्तक मागताना, की खाणावळीत खुर्ची ओढताना? ही क्रिया ज्या आठवड्यांत सुरू झाली असेल त्याच आठवड्यांवर चरित्रकारांनी एक-दोन वाक्ये खर्च केली आहेत. तिसऱ्या खोलीतला सोबती पारशी होता, आणि चार वर्षांनी बडोद्यात ज्या दारातून बाहेर काढले गेले तेही पारशी धर्मशाळेचे होते. हे दोन तपशील एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा मोह एखाद्या कादंबरीकाराला निश्चित झाला असता. चरित्रकार ते वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात आणि त्यांच्यामधले अंतर मोजीत नाहीत.

त्या पहिल्या काळात आंबेडकरांनी न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत सोडून दिली पाहिजे, मुलांचे भवितव्य पालक घडवू शकतात, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविले तर आपली प्रगती वेगाने होईल, असा त्याचा आशय आहे. भावी नेत्याचे विचार म्हणून हे पत्र नेहमी उद्धृत होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अनोळखी शहरातला एक तरुण मोडलेले घर आणि दूरची माणसे डोळ्यांपुढे आणून, आपण येथे कशासाठी आलो आहोत हे स्वतःलाच समजावून सांगतो आहे. पहिल्या आठवड्यांतली पत्रे अशीच असतात. ती ज्याला लिहिली त्याच्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या अधिक उपयोगाची असतात.

विषयांची निवड

जेवण आणि खोली यांहून कठीण प्रश्न अभ्यासाचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून. त्याचा समाजशास्त्राचा पदव्युत्तर विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन निघालेल्या विद्यार्थ्याला नेमलेली पुस्तके आणि वर्षाअखेरची परीक्षा हीच शिक्षणाची रीत माहीत होती. कोलंबियात त्याच्यापुढे विषयांची यादी ठेवली गेली आणि निवड करण्यास सांगितले गेले. चर्चासत्रात स्वतः निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर बोलावयाचे, ही पद्धतही नवी.

आंबेडकरांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, ही आकडेवारी प्रसिद्ध आहे. जयंतीच्या भाषणांत ती विद्वत्तेचा पुरावा म्हणून येते. माझ्या मते या आकड्यांत भूक दिसते, आणि थोडी चाचपडही दिसते. कोणत्या दाराने आत जावे हे ठरलेले नसताना माणूस अनेक दारे उघडून पाहतो. या चाचपडण्यातूनच १९१५ ची एम. ए. पदवी आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींवरील निबंध निघाला. अर्थशास्त्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याचे आज सर्वाधिक वाचले जाणारे विद्यार्थिदशेतील लेखन मानववंशशास्त्राच्या वर्गातले असावे, ही गोष्ट त्या यादीतील चार या लहान आकड्याकडे पुन्हा पाहावयास लावते. ज्ञानतपस्वी या शब्दाने अशा वळणांचे स्पष्टीकरण होत नाही. अठरा-अठरा तास अभ्यास ही गोष्ट खरी मानली, तरी कशाचा अभ्यास आणि तो कसा ठरला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आनंदीबाईंचा धूर

आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यांचा तपशील कितीतरी अधिक सापडतो. त्या आधी न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. पत्रांतून जुळलेल्या या नात्यात कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या होत्या. त्यानंतर फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. तेथील खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटविली तर खोलीभर धूर, न पेटविली तर गारठा. अंगावर साडी, जेवण शाकाहारी. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच लिहिलेल्या चरित्राला पत्रांचा आधार होता. अंजली कीर्तने यांच्या १९९७ मधील ग्रंथाने त्यात अमेरिकेतील शोधाची भर घातली.

हा फरक केवळ साधनांच्या उपलब्धतेचा नाही. आनंदीबाईंनी जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन अशी ग्वाही दिली होती, आणि मागे राहिलेला समाज त्यांचे ताट आणि वस्त्र यांवर नजर ठेवून होता. म्हणून ताटाचा आणि वस्त्राचा तपशील टिकला. आंबेडकरांनी काय जपले याची कोणाला चिंता नव्हती. त्यांच्या चरित्रकारांना ते किती मोठे झाले याची साक्ष हवी होती, म्हणून पदव्या टिकल्या. चरित्रात उरतो तो वाचकांनी आधीच विचारलेल्या प्रश्नाला लागणारा तपशील. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीत हेच दुसऱ्या रीतीने घडते. पती-पत्नीचे नाते हा तिचा प्रश्न असल्यामुळे फिलाडेल्फियाचा वर्ग मागे सरतो.

आणखी एक निरीक्षण ओघात नोंदवितो. मराठीत नव्या विद्यार्थ्याचे बावचळणे सविस्तर रंगविणारी सर्वांत प्रसिद्ध कलाकृती चरित्र नसून कादंबरी आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला येतो तो पदवीपूर्व शिक्षणासाठी, आणि अखेर पदवीवाचून गावी परततो. यशाचा शेवट ठरलेला नसल्यामुळे लेखकाला वसतिगृह, खानावळ, रिकाम्या दुपारी यांकडे सावकाश पाहता आले. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो, आणि ती माहिती त्याला घाई करावयास लावते.

वर्गातील वाचक

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही, कारण ही चरित्रे वाचणारे विद्यार्थी आमच्या वर्गांत असतात. तालुक्याच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात किंवा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेली, घराण्यातील पहिल्या पिढीची मुले-मुली पहिल्या महिन्यात गोंधळतात. इंग्रजीतील चर्चा निम्मी कळते, चर्चासत्रात तोंड उघडवत नाही, खानावळीचे जेवण उतरत नाही. अशा वेळी त्यांच्यापुढे जो आदर्श असतो तो कधीच न गोंधळलेल्या पुरुषाचा असतो. मग स्वतःचा गोंधळ त्यांना अपात्रतेचा दाखला वाटतो, आणि काही जण दिवाळीच्या सुट्टीला गेले ते परत येत नाहीत. महिन्याभरात जागा बदलणारे, जेवण न मानवणारे आणि अनेक विषयांत हात घालून पाहणारे आंबेडकर खैरमोडे-कीरांच्या पानांत आहेतच, पण त्यांना तेथून शोधून काढावे लागते.

पुढील चरित्रकाराला या दृष्टीने करण्यासारखे बरेच आहे. उदाहरणार्थ, नवल भथेना. मराठी चरित्रांत ते मुख्यतः पुढे, १९२० मध्ये आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले तेव्हा कर्ज देणारे मित्र म्हणून येतात. लिव्हिंग्स्टन हॉलमधील त्या खोलीत आधी कोण बोलले, जेवण कोण कोठून आणीत असे, महिन्याच्या अखेरीस साडेअकरा पौंडांतले किती उरत आणि मुंबईच्या घरी किती जात, या गोष्टी भथेनांच्या बाजूने कोणी लिहिलेल्या नाहीत.