दोन डोळ्यांपलीकडचे स्वतंत्रपूर

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मी पहिल्यांदा पाहिला तो गावच्या शाळेच्या पटांगणात, सतरंजीवर बसून. जेलर आदिनाथ बैलाशी झुंजताना मरतो, तेव्हा सगळे पटांगण रडत होते. पुढे त्या कथेचे मूळ शोधताना लक्षात आले, की आपण भलत्याच ठिकाणी रडलो होतो.

मूळ आहे सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने, १९३९च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून कैद्यांची ही खुली वसाहत उभी राहिली. चित्रपटाचे कथालेखक ग. दि. माडगूळकर याच माणदेशातले; हा मुलूख त्यांना परका नव्हता.

पण कथा पडद्यावर येताना तिचा कणा बदलला. स्वतंत्रपुरात कैदी शेती करतो, बायकामुलांसह राहतो. त्याला धरून ठेवते ते घर आणि उभे पीक. चित्रपटातल्या सहा खुन्यांना धरून ठेवतात ते जेलरचे डोळे. म्हणजे माणसे सुधारणे ही एका संताची करणी ठरते, आणि संताला शेवटी प्राण द्यावे लागतात. पडद्यावर हे विलक्षण प्रभावी आहे; १९५८ साली बर्लिन महोत्सवाने त्याचा गौरवही केला. माझी तक्रार आहे ती त्यातून आपल्या मनात रुजलेल्या समजुतीविषयी: आदिनाथ भेटला तरच कैद्यावर विश्वास टाकावा, एरवी कुलूप बरे.

आपला कायदा याच समजुतीने चालत आला आहे. १९५८ साली परिवीक्षेचा कायदा झाला खरा; पण १९७८च्या दुरुस्तीने, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला किमान १४ वर्षे तुरुंगात राहणे बंधनकारक केले. २००८ साली श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुटकेची आशाच उरू नये अशा जन्मठेपेला वाट करून दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली, ती किरकोळ चोरीसारख्या मोजक्या गुन्ह्यांपुरती. विश्वास टाकायचा तो जिथे धोका जवळजवळ नाही तिथेच! चित्रपटाचे धाडस याहून मोठे होते. त्याने खुनी माणसे निवडली होती.

ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले, त्यांचा राग खोटा नाही. त्यांच्या दुःखाला उत्तर देणे कोणत्याही वसाहतीला जमणार नाही. परंतु बहुतेक कैदी एक दिवस गावात परततातच. ते कोणत्या अवस्थेत परतावेत, एवढे ठरवणे आपल्या हाती आहे.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. पुढे फ्रीडमनही गेले. वसाहत मात्र राज्याच्या कारागृह खात्याखाली टिकून राहिली. रोजची व्यवस्था पाहणाऱ्या साध्या, पगारी माणसांनी ती चालवली. पटांगणात आम्हाला दिसायला हवे होते ते हे. पण त्यावर कुणी रडत नाही, आणि म्हणूनच बहुधा त्यावर चित्रपटही निघत नाही.