नेपाम डेथ : वेग सगळ्यांनी उचलला, विचार थोड्यांनी

पंक आणि मेटल यांच्या टोकांवर जन्मलेलं ग्राइंडकोअर आज जगभर वाजवलं जातं. त्याची पायाभरणी करणाऱ्या नेपाम डेथ या बँडची ओळख मात्र बहुतेकांच्या मनात एका विक्रमापुरतीच उरली आहे. त्यांचं ‘यू सफर’ हे गाणं दीड सेकंदही चालत नाही आणि सर्वांत छोटं गाणं म्हणून ते गिनेस बुकात नोंदलं गेलं आहे. या नोंदीमुळे बँडचं नाव झालं, पण त्यामागचा विचार झाकला गेला.

बँड सुरू झाला १९८१ मध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन गावात. संस्थापक शाळकरी वयाची मुलं होती. अराजकवादी पंकची पत्रकं, कॅसेटी आणि युद्धविरोध यांवर त्यांचं पोषण झालं होतं. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात कारखाने बंद पडत होते आणि बेकारी वाढत होती. स्पार्कहिल भागातल्या ‘द मरमेड’ या पबमध्ये होणाऱ्या कार्यक्रमांतून बँडचा आवाज घडत गेला.

१९८७ मध्ये नॉटिंगहॅमच्या इअरएक या छोट्या कंपनीने ‘स्कम’ हा अल्बम काढला. २८ गाणी, सुमारे ३३ मिनिटं. तबकडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित झाल्या आणि दोन्हींवर वाजवणारा माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. स्नेअर, किक आणि सिंबलवर तो इतक्या जलद प्रहार करतो की ठेका मोजणं अशक्य होतं आणि त्याची सलग भिंत उभी राहते. हाच ब्लास्ट बीट. हा वेग आकाशातून पडला नव्हता. इंग्लंडच्या डिस्चार्जचं आणि अमेरिकेतल्या सीज, रिपल्शन यांचं ऋण त्यात स्पष्ट ऐकू येतं. नेपाम डेथने तो वेग टोकाला नेला आणि त्यातला अर्थ सुटू दिला नाही. बीबीसीवर निवेदक जॉन पीलने त्यांना बोलावलं आणि पबमधला हा आवाज घराघरांतल्या रेडिओवर पोहोचला.

पुढचा प्रवास सरळ नाही. १९९० चा ‘हार्मनी करप्शन’ फ्लोरिडात ध्वनिमुद्रित झाला आणि डेथ मेटलकडे झुकला. वजन वाढलं, पण पंकची उतावीळ धग कमी झाली. नव्वदच्या मध्यातले प्रयोगही असमान आहेत. तरीही बँडमधून बाहेर पडलेल्यांनी जे उभं केलं, तेवढ्यानेही एखादं दालन भरेल. जस्टिन ब्रॉडरिकचा गॉडफ्लेश, ली डोरियनचा कॅथीड्रल आणि हॅरिसचा स्कॉर्न यांनी वेग सोडून संथपणात जडत्व शोधलं. बिल स्टीअरच्या कारकासने डेथ मेटलला नवी सुरावट दिली. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्नने हॅरिसबरोबर पेनकिलर उभारला आणि मुक्त जॅझपर्यंत हा धागा गेला.

आज ग्राइंडकोअरची तांत्रिक पातळी पूर्वी कधी नव्हती इतकी उंच आहे. आशय मात्र अनेकदा पोकळ आहे. असंख्य बँड्ससाठी वेग ही घड्याळाशी लावलेली शर्यत उरली आहे आणि हिंसेची चित्रं निव्वळ सजावट झाली आहेत, त्यातही स्त्रियांवरच्या हिंसेची. ज्या संगीताने अत्याचाराविरुद्ध ओरडायला सुरुवात केली, त्याने अत्याचारालाच करमणूक बनवावं, ही या कलेची खरी अधोगती आहे.

नेपाम डेथचं मात्र तसं झालं नाही. ‘स्कम’चं पहिलंच गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे. २०१३ मध्ये ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा इमारत कोसळली आणि पाश्चात्त्य बाजारासाठी कपडे शिवणारे ११०० हून अधिक कामगार त्यात गेले. त्या दुर्घटनेतून २०१५ च्या ‘एपेक्स प्रिडेटर – ईझी मीट’ या अल्बमची प्रेरणा आली. दोन्ही अल्बमच्या मधे अठ्ठावीस वर्षं गेली. ‘स्कम’वर वाजवलेल्यांपैकी एकही जण तोवर बँडमध्ये राहिला नव्हता. १९८७ पासून बास वाजवणारा शेन एम्बरी आणि १९८९ पासून गाणारा बार्नी ग्रीनवे यांनी कंपन्यांच्या शोषणाचा तो प्रश्न जागा ठेवला. माणसं बदलली तरी भूमिका टिकली, हे या बँडचं सर्वांत मोठं कर्तृत्व आहे.

या संगीताची नव्याने ओळख करून घेणाऱ्यांनी ‘स्कम’ची पहिली बाजू ऐकावी आणि लगेच २०१५ चा अल्बम लावावा. गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐकावं. आणि जे तरुण आज हे संगीत वाजवतात, त्यांनी वेग जरूर शिकावा, पण आपण कोणाच्या बाजूने ओरडतो आहोत हे आधी ठरवावं.