‘स्मृतिचित्रे’तील सहभागिता व प्रार्थना : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ख्रिस्ती मंडळीच्या जीवनात सहभागिता आणि प्रार्थना ही परस्परपूरक मूल्ये मानली जातात. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आरंभीच्या मंडळीचे वर्णन करताना शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांचा उल्लेख एकत्रच येतो. अन्न आणि पाणी यांवरच जातीचा पहारा असलेल्या समाजात या वर्णनाला वेगळे वजन प्राप्त होते. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) या आत्मचरित्राचा या दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे.

सोवळ्याकडून सहभागितेकडे :
मराठी समीक्षेने या ग्रंथातील प्रांजळपणा, विनोद आणि दांपत्यजीवनाचे चित्रण यांचा यथोचित गौरव केला आहे. मात्र त्यातील धर्मांतराचा प्रवास हा मूलतः चुलीचा आणि पाण्याचा प्रवास आहे, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ग्रंथाच्या आरंभी वडिलांचे टोकाचे सोवळे येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या काळात पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. त्यांचे मन बदलले ते धर्मतत्त्वांच्या वादविवादाने नव्हे. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, ही जाणीव त्यांना प्रथम झाली. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यापाठोपाठ आला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजेच येथे सहभागिता हे श्रद्धेचे फलित नसून तिचे प्रवेशद्वार ठरते.

सामुदायिक प्रार्थनेचे रूप :
टिळकांनी हाच प्रश्न प्रार्थनेच्या अंगाने हाताळला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग त्यांच्यापूर्वीही झाले होते. टिळकांनी अभंग व भजन यांना उपासनेत काव्यात्म प्रतिष्ठा मिळवून दिली. एकाने म्हणावे आणि सर्वांनी झेलावे, या भजनपद्धतीत निरक्षर व्यक्तीही प्रार्थनेची समान धनी होते. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही. त्यांची गीते मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही मंडळ्यांत गायिली जातात. एका व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली संघटना ओसरली. समुदायाने आपलीशी केलेली प्रार्थना टिकली.

मर्यादा व निष्कर्ष :
तथापि, एकत्र गायिल्याने एकत्र जगणे आपोआप साध्य होत नाही. भारतातील अनेक मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरही जातीच्या खुणा उरल्या, हे वास्तव नाकारता येत नाही. या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाईंचे लेखन अधिक मोलाचे ठरते. प्रार्थनेची कसोटी त्या उपासनामंदिरात न लावता स्वयंपाकघरात लावतात. आणि त्या कसोटीला प्रथम स्वतःलाच सामोरे नेतात. सारांश, प्रार्थना सहभागितेला दिशा देते, तर सहभागिता प्रार्थनेचा खरेपणा सिद्ध करते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ केवळ एका स्त्रीचे आत्मकथन म्हणून नव्हे, तर या परस्परसंबंधाचा मराठीतील एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणूनही वाचला जावा.