साधन-वर्णनातील लक्षणदोष : जालन्याच्या मोसंबीचे एक उदाहरण

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या 'एजंट' प्रणालीस बाहेरची माहिती आणावयाची असली, म्हणजे तिच्या हाती काही साधने, अर्थात ठराविक काम करून देणारे प्रोग्राम, दिली जातात. साधनाचे नाव, त्यास पुरवावयाच्या मूल्यांची यादी आणि काही ओळींचे वर्णन एवढेच एजंटापुढे असते. आतील प्रोग्राम त्यास सामान्यतः दिसत नाही. ॲन्थ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही हीच मांडणी आहे. कोणते साधन केव्हा वापरावयाचे, हा निर्णय अशा रीतीने चार ओळींच्या गद्यावर येऊन ठेपतो. या गद्याची चिकित्सा आजवर बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीच केली. वस्तुतः ती शब्दार्थविचाराच्या अभ्यासकाची कामगिरी होय.

नमुना म्हणून एक वर्णन कल्पावे : "शेतमालाचे बाजारभाव देते. मूल्ये : माल, ठिकाण." मराठी वाचकास यात काही उणे दिसणार नाही. आता अंबड तालुक्यातील एखादा बागाईतदार विचारतो, "जालन्याला मोसंबी काय टन आहे?" राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये मराठीतून उत्तरे देणारे 'महाविस्तार' ॲप सुरू केल्यानंतर असा प्रश्न यंत्रास विचारणे नवलाचे राहिलेले नाही.

अडचण पहिल्याच शब्दापाशी सुरू होते. जालन्याच्या या फळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते 'स्वीट ऑरेंज' या नावाने, आणि वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते नाव बरोबर आहे. केंद्र सरकारच्या 'ॲगमार्कनेट' कोष्टकात मात्र हेच फळ 'मोसंबी (स्वीट लाइम)' म्हणून नोंदलेले आढळते. स्वीट लाइम म्हणजे खरे पाहता साखरलिंबू. ते फळच निराळे. शब्दकोशाशी प्रामाणिक राहणारा एजंट मोसंबीचे 'स्वीट ऑरेंज' करील आणि कोष्टकात त्यास काहीच सापडणार नाही. त्याहून वाईट म्हणजे तो 'ऑरेंज' या नोंदीवर समाधान मानील, आणि बागाईतदाराच्या हाती संत्र्याचा भाव पडेल. उत्तर अस्खलित असेल. चूक ओळखण्याची खूण त्यात कोठेही नसेल.

नैयायिकांच्या परिभाषेत ही अव्याप्ती होय : लक्ष्य समोर असून लक्षण त्यापर्यंत पोचत नाही. 'ठिकाण' या शब्दात उलट अतिव्याप्ती आहे. जालना हे शहराचे नाव, तालुक्याचे नाव आणि १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्ह्याचेही नाव. बाजार समिती अभिप्रेत की जिल्हा, हे वर्णनकर्त्याने सांगितलेले नाही. 'बाजारभाव' या शब्दात तर कालच्या, आजच्या आणि उद्याच्या अशा सर्वच भावांचा समावेश होतो. उद्याचा भाव कोष्टकात नाही, हे एजंटास कोणी सांगावयाचे?

परिमाणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोसंबीचा सौदा टनावर बोलला जातो. कोष्टकातील दर क्विंटलचा असतो. या दोहोंत दहापटीचे अंतर आहे. शिवाय ॲगमार्कनेट ज्यास 'मोडल' दर म्हणते, त्याच्या जागी राज्य कृषी पणन मंडळाच्या मराठी कोष्टकात 'सर्वसाधारण दर' येतो. अधिकांश व्यवहार ज्या दराने झाले तो दर, हा 'मोडल'चा अर्थ. 'सर्वसाधारण' ऐकून मात्र सामान्य वाचक सरासरी समजतो. एजंटही तसेच समजल्यास त्यास दोष देता येत नाही. (मराठी पारिभाषिक शब्द घडविताना झालेल्या अशा सैलपणाची किंमत इतक्या वर्षांनी यंत्राच्या निमित्ताने मोजावी लागावी, हे मोठे मौजेचे आहे.)

तेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल : "दिलेल्या बाजार समितीत दिलेल्या दिवशी झालेल्या व्यवहारांचा किमान, कमाल व मोडल दर देते. दर रुपये प्रति क्विंटल. टनाचा दर हवा असल्यास दहाने गुणावे. 'बाजार समिती' येथे समितीचे नाव द्यावे, जिल्ह्याचे नव्हे. मोसंबीसाठी 'मोसंबी (स्वीट लाइम)' हीच नोंद वापरावी. 'ऑरेंज' म्हणजे संत्रा. नोंद न मिळाल्यास तसे कळवावे, शेजारच्या नोंदीचा दर देऊ नये. भावाचे भाकीत करण्यास हे साधन वापरू नये."

हे वर्णन लांबले, हा आक्षेप येईल. साधनांची संख्या वाढली, की वर्णनांचा भार एजंटाच्या मर्यादित वाचनक्षेत्रावर पडतो, हेही खरे. परंतु संक्षेपाचा मोह मराठीस नवा नाही. ज्या महानुभाव पंथाचे 'जाळीचा देव' हे तीर्थ याच जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आहे, त्या पंथात केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांचा 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचने आटोपशीर झाली खरी. पण कोणते वचन कोणास आणि कोणत्या प्रसंगी उद्देशून होते, हे सुटले. ते सांगण्यासाठी पुढे 'प्रकरणवश' रचावे लागले. तेथे निदान अर्थ विचारावयास परंपरा होती. साधन-वर्णनाच्या वाचकापाशी तीही नाही. पानावर जे नाही ते तो अनुमानाने भरून काढतो.

ते काय भरून काढतो, हे अंबडच्या बागाईतदाराचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, टनासकट, एजंटास विचारून पाहिले म्हणजे कळते. वर्णन लिहिणाऱ्याने हे गाडी भरण्यापूर्वी करावयाचे असते.