श्यामची मोळी आणि सवंगड्यांचे हसू

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले, आणि मुलांच्या मनावर दयेचा संस्कार करावयाचा तर तेच पुस्तक हाती द्यावे, असा मराठी घरांचा परिपाठ पडला. त्या पुस्तकाविषयीचा आमचा आदर कोणाहून उणा नाही. परंतु आपण त्याच्यावर नको तितका भार टाकतो, असे आम्हांस वाटते.

अस्पृश्य मानलेल्या म्हातारीच्या डोक्यावर श्याम आईच्या सांगण्यावरून मोळी चढवितो, हा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेलच. आईची करुणा मुलात उतरते खरी. तथापि नंतर त्याला स्नान करावयाचे असते. हे स्नान कोणासाठी? आमच्या मते गावासाठी. आणि मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, यासाठी हीच माउली त्याला मारून पोहावयास धाडते. चारचौघांच्या बोलाचे सामर्थ्य गुरुजींनी पुरते ओळखले होते.

ड्रू नेसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील मुलांवर केलेल्या प्रयोगांतून २००५ साली हेच पुढे आले. गट परक्यांस सामावून घेणारा असेल, तर मुलाची सहानुभूती फळते. त्यांना दूर ठेवणे हाच गटाचा दंडक असेल, तर ती वांझ राहते.

याची प्रचीती आम्हांस घराजवळच आली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत सिंधी कुटुंबे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात मराठी व सिंधी मुले आज एकाच मैदानावर भेटतात. अंबरनाथला खेळताना पडलेल्या एका सिंधी मुलाला ज्याने उठवून पाणी पाजले, तोच मुलगा, त्याच्या मराठी उच्चारांवर सवंगडी हसताच, त्यांच्याबरोबर हसला. तो आमच्याच घरातला. ‘श्यामची आई’ त्याला आम्हीच वाचून दाखविली होती.

गुरुजी स्वतः मात्र आईच्या शिकवणीपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. एकट्याचे मन द्रवून भागत नाही, समुदायाची रीतच पालटावी लागते, हे त्यांनी जाणले. पुस्तक मुलाच्या हाती देऊन मैदानाकडे पाठ फिरविणाऱ्या आमच्यासारख्यांनी गुरुजी अर्धेच वाचले. यापुढे मोळीची गोष्ट साऱ्या टोळीला एकत्र बसवून वाचावी, आणि त्या सिंधी मुलालाही त्यांत बोलवावे.