पीएम १० घटला, म्हणजे धोका घटला का?

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपल्यापैकी बरेच जण एक चूक करतात. जो आकडा सहज मिळतो, त्यालाच प्रश्नाचं उत्तर समजतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमावर माझा आक्षेप नेमका हाच आहे.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत आपलं सोलापूरही आहे. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे, असं मूळ लक्ष्य होतं. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झालं. पण शहरांची प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या वजनावर.

आता एक साधं गणित करू. समजा, एका घनमीटर हवेत पीएम १० आहे १०० मायक्रोग्रॅम आणि त्यातला ४० हा पीएम २.५. रस्ते झाडले, पाणी मारलं, २५ मायक्रोग्रॅम जाड धूळ कमी झाली. कागदावर २५ टक्के यश! पण बारीक कण तेवढेच राहिले. वाहनांचा धूर, जळता कचरा, चुली यांतून येणारे हेच कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि हृदयविकाराचाही धोका वाढवतात.

जाड धूळ निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या शहरात ती आवरायलाच हवी. पीएम १० च्या जुन्या नोंदी जास्त आहेत, हेही खरं. पण म्हणून तो आरोग्याचा मापदंड ठरत नाही. त्यात पीएम २.५ साठी आपलं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून फक्त ५. म्हणजे 'मानकात बसतं' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. चौकातलं यंत्र चौकातली हवा मोजतं. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार दिवसभर कापसाच्या तंतूंत श्वास घेतो, विडी वळणारी बाई घरातच तंबाखूच्या धुळीत बसते. शहराच्या सरासरीत ही दोघं कुठेच नाहीत.

त्यामुळे ओपीडीची आकडेवारी आणि शहराची सरासरी शेजारी ठेवून सहसंबंध काढण्याआधी स्वतःला विचारा: हा आकडा कोणाच्या श्वासाचा आहे? उत्तर देता आलं नाही, तर आधी प्रश्न दुरुस्त करा.