अर्थनियोजनात कर्ज कुठे आहे?

बालभारतीच्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग 1' या पुस्तकात 2018 साली 'अर्थनियोजन' हे प्रकरण आले, तेव्हा आम्हांला आनंद झाला. पैशाचा व्यवहार हा वर्गात उघडपणे बोलण्याचा विषय आहे, हे त्यामुळे मान्य झाले. वस्तू व सेवा कराचे बिल मुलांपुढे ठेवून केंद्राचा व राज्याचा वाटा निम्मा-निम्मा कसा असतो, व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट कशी मिळते, हे प्रकरणात नीट उलगडले आहे. पुढे शेअर, दलाली आणि म्युच्युअल फंडही आहेत.

आमच्या तक्रारी दोन. पहिली किरकोळ आहे. पुस्तकातील कराचे दर जुने होतात. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक वस्तूंसाठी 12 व 28 टक्क्यांचे टप्पे गेले. म्हणून दर पाठ करून घेण्यापेक्षा दुकानातले ताजे बिल वर्गात आणावे.

दुसरी तक्रार मोठी आहे. या प्रकरणात कर्जाला स्वतंत्र जागाच नाही. शेअर घेण्याइतके पैसे गाठीला येण्याच्या कितीतरी आधी आपल्या विद्यार्थ्याच्या घरी मोबाइल येतो, तो हप्त्याने. समजा, दुकानात पाटी आहे : 'व्याज महिना फक्त 1 टक्का'. 12,000 रुपयांवर वर्षाचे 1,440 रुपये व्याज आधीच मिळवून 1,120 रुपयांचे 12 हप्ते पाडले. मुले चटकन सांगतात, दर 12 टक्के. पण मुद्दल दरमहा 1,000 रुपयांनी फिटत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण 12,000 वरच द्यावे लागते. प्रत्येक महिन्यात बाकी असलेले मुद्दल लिहून पाहा : 12,000, 11,000, 10,000... शेवटी 1,000. बेरीज 78,000, महिन्याची सरासरी 6,500. म्हणजे वापरायला मिळाले सरासरी 6,500 आणि त्यावर व्याज 1,440. दर झाला सुमारे 22 टक्के!

ही तर सरळ अंकगणिती श्रेढी. आणि श्रेढीचे प्रकरण याच पुस्तकात अर्थनियोजनाच्या अगदी आधी आहे. शेजारी राहणाऱ्या या दोघांची ओळख करून द्यायची तेवढी राहिली.

ते काम शिक्षकमित्रांनी एका तासात करावे. दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलाला शेअरचे गणित लागेलच असे नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्याची वेळ मात्र बहुतेकांवर येते.